कोणाच्या ताटातून, कोणाच्या ताटात

आर्थिक विषमतेवर प्रश्न पाठवा, असं आवाहन गेल्या अंकात केलं होतं. आलेल्या पत्रांत अर्धी गोंधळलेली आहेत, अर्धी चिडलेली. दोघांनाही शेवटी हिशोबच लागतो, म्हणून या वेळची उत्तरं जरा आकडेमोडीची झाली आहेत. कागद-पेन्सिल जवळ ठेवा.

प्रश्न : समानतेत भारत जगात चौथा, अशी बातमी जुलै २०२५ मध्ये वाचली. त्याच्या वर्षभर आधी वरच्या एक टक्का लोकांकडे देशाचं २२.६ टक्के उत्पन्न जातं, असं वाचलं होतं. यातलं खरं कोणतं? (एक वाचक, ठाणे)

दोन्ही आकडे छापलेले आहेत, दोन्हींमागे अभ्यास आहे. फक्त एकाने खर्च मोजलाय आणि दुसऱ्याने उत्पन्न.

‘चौथा’ हा क्रमांक आला जागतिक बँकेच्या गिनी निर्देशांकावरून. शून्य म्हणजे सगळ्यांना सारखं, शंभर म्हणजे सगळं एकाच्याच घरात. भारताचा आकडा २०११-१२ मध्ये २८.८ होता, तो २०२२-२३ मध्ये २५.५ झाला. पण हा घरखर्चाचा गिनी आहे, आणि यादीतल्या पुष्कळ देशांचा आकडा उत्पन्नाचा. ज्वारी मापट्याने आणि तूर काट्यावर मोजून कोणती जास्त, हे ठरवण्यासारखं ते झालं. गंमत अशी की बँकेच्या ज्या टिपणावरून ही बातमी झाली, त्याच टिपणात भारताच्या उत्पन्नाचा गिनी २००४ मधल्या ५२ वरून २०२३ मध्ये ६२ वर गेल्याचंही नोंदवलं होतं. बातमीत ती ओळ आली नाही.

खर्चाची दरी सहसा उत्पन्नाच्या दरीपेक्षा उथळ दिसते. महिना १२ हजार मिळवणारं घर १२ हजार खर्च करतं, आजारपण निघालं तर उसनवारी करून १५. महिना १२ लाख मिळवणारं घर ३ लाख खर्च करतं. उरलेले ९ लाख म्युच्युअल फंडात, प्लॉटमध्ये, मुलाच्या नावच्या फ्लॅटमध्ये जातात. खर्चाच्या पाहणीला हे ९ लाख दिसतच नाहीत.

शिवाय ती पाहणी त्या घरात पोचते का? २०२२-२३ च्या राष्ट्रीय घरखर्च पाहणीत शहरी भागातल्या सर्वांत वरच्या पाच टक्के लोकांचा सरासरी खर्च माणशी महिना २०,८२४ रुपये आला. चार माणसांच्या घराला ८३ हजार. ठाण्यातल्या एखाद्या बऱ्या टॉवरमधल्या घराचा गृहकर्जाचा हप्ता, शाळेची फी आणि गाडीचा हप्ता एवढ्यातच ही रक्कम संपते. याचा अर्थ खरे श्रीमंत या यादीत फारसे आलेलेच नाहीत. पाहणी करणारा माणूस झोपडपट्टीत उंबऱ्यावर बसून दोन तास प्रश्न विचारू शकतो. टॉवरच्या फाटकावर वॉचमनच त्याला परत पाठवतो. त्या वर्षीपासून पद्धतही बदलली. पूर्वी एकाच फेरीत सगळं विचारत, आता खाणंपिणं, किरकोळ खर्च आणि टिकाऊ वस्तू यांसाठी तीन वेगळ्या फेऱ्या होतात. त्यामुळे २०११-१२ शी थेट तुलना करताना जपून.

२२.६ चा आकडा मार्च २०२४ मध्ये नितीन भारती, ल्युका शान्सेल, तोमा पिकेटी आणि अनमोल सोमंची या अर्थतज्ज्ञांनी काढला. संपत्तीत वरच्या एक टक्क्याचा वाटा त्यांनी ४०.१ टक्के मांडला. उत्पन्नाचा वरचा थर त्यांनी प्राप्तिकराच्या तक्त्यांवरून मोजला, खालचा पाहण्यांवरून, आणि दोन्ही राष्ट्रीय उत्पन्नाशी जुळवून घेतले. यालाही भोकं आहेत. विवरणपत्र भरणारे थोडे, शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे मधल्या थराबद्दल अंदाज बांधावे लागतात. दशांशचिन्हानंतरच्या आकड्यावर पैज लावू नका. पण दरी किती खोल, हा तुमचा प्रश्न असेल तर आम्ही याच आकड्याच्या बाजूला उभे राहू. गरिबाच्या ताटात काय पडतंय, हा प्रश्न असेल तर खर्चाची पाहणी उपयोगी, आणि तिथे सुधारणा झाली आहे हेही खरं.

प्रश्न : लाडकी बहीण योजनेच्या १५०० रुपयांनी विषमता खरंच कमी होते का? होत असेल तर किती? (एक वाचक, अहिल्यानगर)

होते. किती, ते पैसे कोणाकडून काढले यावर ठरतं. पाच घरांची वाडी घेऊन करूनच पाहू.

महिन्याचं उत्पन्न हजारांत धरा : ८, १२, २०, ३० आणि ८०. एकूण १५०. चढत्या क्रमाने लावून प्रत्येकाला क्रमांकाने गुणा : ८×१, १२×२, २०×३, ३०×४, ८०×५. बेरीज ६१२. तिची दुप्पट १२२४. घरांची संख्या गुणिले एकूण उत्पन्न, म्हणजे ५×१५०=७५०, याने भागा : १.६३२. त्यातून सहा भागिले पाच, म्हणजे १.२ वजा करा. गिनी आला ०.४३२. बऱ्याच जणांची चूक चढता क्रम लावण्यातच होते. तो उलटा लागला तर उत्तर उणे येतं.

आता खालच्या तीन घरांतल्या एकेका बाईला १५०० रुपये द्या. लागले साडेचार हजार. हे आणायचे कुठून?

सगळेच्या सगळे ८० हजारवाल्याकडून घेतले तर नवा गिनी ०.३९६. प्रत्येकाच्या उत्पन्नावर सारखाच ३ टक्के कर लावला तर ०.४०७. खर्चावर कर लावला तर? खालची तीन घरं सगळं उत्पन्न खर्च करतात, चौथं २४ हजार करतं आणि पाचवं ४० हजार, असं धरू. मग कराचा दर पडतो सुमारे ४.३ टक्के. ८ हजारवाल्या घराला दीड हजार मिळतात आणि त्यातले ३४६ रुपये तेल, साबण, मोबाइल रिचार्जमधून परत जातात. गिनी ०.४११.

राज्याच्या तिजोरीत येतं काय, ते पाहा. जीएसटी, पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, दारूवरचं उत्पादन शुल्क, मुद्रांक शुल्क. मुद्रांक सोडला तर बहुतेक खर्चावरचेच कर, म्हणून प्रत्यक्षात आपण तिसऱ्या उत्तराच्या जवळ आहोत. उरलेलं कर्जातून येतं. त्या कर्जाचं व्याज रोखे घेणाऱ्यांकडे जातं, आणि रोखे घेतात बँका, विमा कंपन्या, भविष्यनिर्वाह निधी. म्हणजे ज्याची बचत आहे त्याच्याकडे.

आणखी एक गोम. योजनेची अट २१ ते ६५ वय आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत, म्हणजे महिना साधारण २१ हजार. आपल्या वाडीतलं ३० हजारवालं घर बाहेर हवं. दाखल्यावर कमी उत्पन्न दाखवून ते आत आलं की खर्च तिसऱ्या हिश्शाने वाढतो आणि गिनीवरचा परिणाम बोथट होतो. तरीही आमचं मत योजनेच्या विरोधात नाही. बाईच्या स्वतःच्या खात्यात पैसा येणं ही गिनीत न दिसणारी गोष्ट आहे, घरातल्या घरात वाटा बदलतो. पण ही योजना आहे म्हणून रोजगार हमी, अंगणवाडी, प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्या तरतुदीला कात्री लागणार असेल, तर खालच्या तीन घरांना एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतलं, असा तो हिशोब आहे.

प्रश्न : पगारपत्रकात दरमहा व्यवसाय कर म्हणून २०० रुपये कापतात, फेब्रुवारीत ३००. हा कर नक्की कशासाठी? (एक वाचक, चाकण)

हा कर मुळात तुमच्यासारख्या पगारदारांकडून खेड्यातल्या मजुरांकडे पैसा नेण्यासाठी लावला गेला. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर लागू झाली. तिला बारमाही पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. जेवढी वसुली तेवढीच भर राज्य सरकारने घालायची, अशी सोय होती. योजनेचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. मागेल त्याला काम हा कायदेशीर हक्क आणि त्यासाठी बांधलेला शहरी कर, अशी जोडी देशात पहिल्यांदा इथे झाली. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्यानंतर मजुरीचा मोठा बोजा केंद्राने उचलला, कर मात्र चालू राहिला.

कल्पना उत्तम होती, कराची रचना मात्र लंगडी. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने या करावर वर्षाला २५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. ही मर्यादा १९८८ मध्ये ठरली आणि आजही तीच आहे. आता तुमच्याच कारखान्यात पाहा. महिना १२ हजारांवर काम करणारा हेल्पर वर्षाला १ लाख ४४ हजार मिळवतो. २५०० म्हणजे त्याच्या उत्पन्नाचा १.७४ टक्का. महिना ३ लाख घेणारा प्लँट हेडही २५०० च भरतो, त्याच्या उत्पन्नाचा ०.०७ टक्का. स्त्रियांना २०२३ पासून २५ हजार पगारापर्यंत सूट मिळाली, पुरुष हेल्परला नाही. मर्यादा उठवायला घटनादुरुस्ती लागेल. पण महिना २०० रुपयांचा हा कर जिथून लागतो, तो १० हजार पगाराचा उंबरठा वर नेणं राज्याच्या हातात आहे, त्याला दिल्लीला विचारावं लागत नाही.

प्रश्न : मी ड्रायव्हर आहे. उत्पन्नाच्या दाखल्यावर १ लाख ८ हजार आलं म्हणून मुलीला आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के जागांत अर्ज करता आला नाही. शेजाऱ्याचं दुकान आहे, त्याच्या मुलाला प्रवेश मिळाला. हे कसं? (एक वाचक, पिंपरी)

आधी तुमच्या कामाचं. एक लाखाची अट फक्त आर्थिक दुर्बल गटाला आहे. तुम्ही अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त-भटक्या, इतर मागास किंवा विशेष मागास प्रवर्गातले असाल तर वंचित गटातून अर्ज करता येतो आणि तिथे उत्पन्नाची अट नाही. जातीचा दाखला मात्र वडिलांच्या किंवा मुलीच्या नावाचा हवा. यापुढे मुलगी पहिलीच्या वयाची राहिली नसेल तर हा रस्ता बंद झाला, धाकटं भावंड असेल तर लक्षात ठेवा. अर्ज बाद होतात ते बहुतेक पत्त्यावरून : भाडेकरार नोंदणीकृत नसतो, किंवा नकाशावर घराची खूण चुकीच्या गल्लीत पडते, अंतर वाढतं आणि पडताळणीत प्रवेश रद्द होतो. खूण मोबाइलवरून घाईने न लावता मोठ्या पडद्यावर गल्ली ओळखून लावा.

आता शेजाऱ्याचं. पगारदाराचं उत्पन्न पगारपत्रकावर एका रुपयापर्यंत उमटतं. दुकानदाराचं उत्पन्न त्याच्या स्वयंघोषणेवर आणि तलाठ्याच्या अहवालावर चालतं. (तलाठ्याला आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, लोक अजून तलाठीच म्हणतात.) एकाच मजल्यावरची दोन सारखी घरं दाखल्यावर वेगळी दिसतात ती यामुळे.

पण मोठा घोळ मर्यादांमध्येच आहे. राज्यात अन्नसुरक्षेच्या धान्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४ हजार, शहरात ५९ हजार. केशरी शिधापत्रिका १५ हजार ते १ लाखापर्यंत. ही तीन रंगांची व्यवस्था १९९९ ची. आरटीईला १ लाख, लाडक्या बहिणीला अडीच लाख, आणि आर्थिक दुर्बल घटकाच्या आरक्षणाला ८ लाख. गरीब कोण, याची सरकारदरबारी ही अशी उतरंड आहे. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर ३१२ रुपये. एका मजुराने १४१ दिवस काम केलं तर ४३,९९२ रुपये होतात. १४२ व्या दिवशी तो सरकारच्याच दराने सरकारच्याच गरिबीच्या रेषेच्या वर जातो. नवरा-बायको दोघांनी १६१ दिवस काम केलं की लाखाची रेषाही ओलांडली. अर्थात घर चालवायला सगळेच त्याहून जास्त दिवस राबतात, म्हणून सगळेच दाखल्यावर कमी लिहून घेतात. खोटं बोलल्याशिवाय पात्रच होता येत नाही अशी अट ठेवली, की खोटं बोलण्याची ओळख ज्याच्याकडे आहे तो पुढे जातो.

उपाय अवघड नाही. मर्यादा मजुरीच्या दराला बांधा, म्हणजे दर वाढला की ती आपोआप वाढेल. आणि जिथे शक्य तिथे उत्पन्न विचारूच नका. चारचाकी आहे का, घरात कोणी प्राप्तिकर भरतं का, असं डोळ्यांना किंवा संगणकाला दिसणारं विचारा. दाखला वेळेत मिळाला नाही तर अर्जाची पोच जपून ठेवा, २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अपील करता येतं. पोच नसेल तर अपीलही नाही.

प्रश्न : उसाचा भाव कायद्याने ठरतो, मग ऊस तोडणाऱ्याची मजुरी का नाही? आमच्या तालुक्यातून दर दिवाळीला हजारो कोयते बाहेर पडतात आणि उचल कधी फिटत नाही. (एक वाचक, धारूर, जि. बीड)

इतर वाचकांसाठी : कोयता म्हणजे तोडणीची एक जोडी, बहुधा नवरा-बायको. उचल म्हणजे हंगामाआधी टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम.

उसाचा रास्त आणि किफायतशीर भाव १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली केंद्र जाहीर करतं. २०२५-२६ साठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) टनाला ३,५५० रुपये ठरला. १४ दिवसांत पैसे दिले नाहीत तर १५ टक्के व्याज. तोडणीचा दर मात्र मजुरांच्या संघटना आणि कारखान्यांचा साखर संघ यांच्यातल्या कराराने ठरतो, साधारण तीन वर्षांनी, तोही संप केल्यावर. जानेवारी २०२४ च्या करारात ३४ टक्के वाढ होऊन टनाला ३६६ रुपये झाले. मुकादमाचं कमिशन २० टक्के. करार मोडला तर कोणावर फिर्याद करायची? कारखान्याचा करार मुकादमाशी आणि वाहतूकदाराशी असतो. तोडणारी जोडी कारखान्याच्या कागदावर कोणाचीच कामगार नसते, म्हणून तिला भविष्यनिर्वाह निधी नाही, बाळंतपणाची रजा नाही.

हिशोब मांडा. एक कोयता दिवसाला २ टन तोडतो असं धरू. पहाटे चारला फडात, मोळ्या बांधून डोक्यावर वाहून गाडी भरेपर्यंत. ३६६ दुणे ७३२ रुपये, दोघांचे. हंगाम १२० दिवस चालला आणि एकही खाडा झाला नाही तर ८७,८४० रुपये. उचल १ लाखाची असेल तर बाकी राहिली १२,१६०, आणि अजून खाल्लेलं काहीच धरलेलं नाही. ती बाकी पुढच्या हंगामाच्या उचलीत मिसळते, मुकादम बदलता येत नाही, म्हणून दर जास्त मागता येत नाही. गाळप क्षमता वाढलेली, ऊस तेवढाच. काही वर्षी हंगाम शंभर दिवसांच्या आत आटोपतो. मग उचल आणखी अडकते. खाडा झाला की दंड, म्हणून बाई पाळीत, आजारपणात, गरोदरपणातही फडात. बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया २०१९ मध्ये राज्यभर गाजल्या, त्याच्या मुळाशी हेच दंडाचं गणित होतं.

नुसता दर वाढवा म्हणण्यात एक अडचण आहे. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या भावातून वजा होतो. दर वाढला की दोन एकरवाला ऊसकरी आणि तोडणी मजूर यांचंच आपसात भांडण लागतं. साखर, इथेनॉल आणि सहवीजनिर्मितीच्या पैशाला हात लागत नाही. टनामागे कारखान्याकडून ऊसतोड कामगार महामंडळासाठी घेतला जाणारा निधी ही त्यातली योग्य दिशा आहे, कारण तो कारखान्याच्या वाट्यातून निघतो.

तोवर करण्यासारखं : कोयत्यातल्या दोघांची स्वतंत्र नोंद आणि स्वतंत्र बँक खातं, कारण आज बाईची मजुरी नवऱ्याच्या नावावर जाते. उचलीची रक्कम, तारीख आणि रोजची टनावारी एका वहीत, कारखान्याच्या वजनपावतीचा फोटो काढून. हंगामाअखेरीस मुकादम सांगेल तो आकडा मान्य करावा लागतो तो वही नसल्यामुळेच. बाकी आहे म्हणून कोणी अडवून, डांबून काम करून घेत असेल तर १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली ते कर्जच रद्द ठरतं. तक्रार तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्याकडे. शिधापत्रिकेचं धान्य कारखान्याच्या गावातही उचलता येतं. पण उसाच्या पाचटाने बोटांचे ठसे झिजलेले असतात आणि मशीन अंगठा घेत नाही, म्हणून निघण्याआधी गावातच आधारचे ठसे अद्ययावत करून घ्या आणि घरातल्या एकाहून जास्त माणसांची पडताळणी झाली आहे का, ते पाहा. एवढं सांगून हेही सांगायला हवं की उचल घेऊन पळून जाणाऱ्या टोळ्यांनी बुडालेले ट्रॅक्टरमालकही कमी नाहीत. लेखी करार नसला की मार दोन्हीकडून बसतो.

प्रश्न : गरीब लोक कष्ट करत नाहीत म्हणून गरीब राहतात, असं नाही का? (एक वाचक, नाशिक)

वरचं उत्तर पुन्हा वाचा, विशेषतः पहाटे चारचं वाक्य.

प्रश्न : श्रीमंतांवर संपत्ती कर आणि वारसा कर पुन्हा का लावत नाहीत? पूर्वी होते म्हणतात. (एक वाचक, मडगाव)

होते. वारसा कर १९५३ ते १९८५, वरचा दर ८५ टक्क्यांपर्यंत. संपत्ती कर १९५७ ते २०१५. दोन्ही रद्द करताना एकच कारण दिलं गेलं : वसुली नगण्य, कटकट फार. शेवटी वारसा कर वर्षाला जेमतेम २० कोटी आणत होता, संपत्ती कर २०१३-१४ मध्ये सुमारे १,००८ कोटी.

वसुली नगण्य का झाली, हे महत्त्वाचं. १९९३ नंतर संपत्ती करातून शेअर आणि म्युच्युअल फंड वगळले. उरलं काय, तर दुसरं घर, शहरातला मोकळा प्लॉट, गाडी, दागिने. म्हणजे ३० लाखांवर दागिने असलेल्या बाईला एक टक्का कर, आणि कंपनीत हजारो कोटींचे शेअर असलेल्या प्रवर्तकाला त्या शेअरवर शून्य. चाळणीला भोकं पाडायची आणि मग पीठ राहत नाही म्हणून चाळणी फेकून द्यायची, तसं झालं. आता डिमॅटमुळे शेअरची किंमत रोज संध्याकाळी एका बटणावर कळते, त्यामुळे मोजता येत नाही ही सबब उरलेली नाही. खरी अडचण नोंदणी नसलेल्या कंपन्या, कौटुंबिक ट्रस्ट आणि देश सोडून जाणारे यांची आहे. पिकेटी आणि सहकाऱ्यांनी २०२४ च्या मे महिन्यात १० कोटींवरच्या संपत्तीवर २ टक्के वार्षिक कर आणि तेवढ्याच मोठ्या वारशावर ३३ टक्के, असा प्रस्ताव मांडला. उंबरठा एवढा वर ठेवला तर मध्यमवर्गाचं घर आणि आईचे दागिने त्यात येत नाहीत.

पण नवा कर लावण्याआधी हातात आहे तो सरळ करता येतो. २०२५-२६ च्या दरांनी पाहा. ४० लाख पगार असेल तर नव्या पद्धतीत प्रमाणित वजावटीनंतर उपकरासह कर सुमारे ७ लाख ८८ हजार. तेवढाच ४० लाखांचा नफा वर्षापेक्षा जास्त धरून ठेवलेल्या नोंदणीकृत शेअरच्या विक्रीतून आला आणि दुसरं उत्पन्न नसलं, तर साधारण साडेचार लाख. शेअर विकलेच नाहीत, त्यांच्यावर कर्ज काढून घर चालवलं, तर वाढलेल्या किमतीवर शून्य. मुलांना वारशाने गेले तरी त्या क्षणी शून्य. मुलाने विकले तर वडिलांच्या खरेदी किमतीपासून नफा मोजतात, एवढंच. घामाच्या पैशावर ३० टक्के आणि पैशाच्या पैशावर साडेबारा, हा फरक कमी करायला फक्त अर्थसंकल्पातली एक ओळ लागते. त्याला विरोध करायला मात्र पुष्कळ लोक असतात, आणि त्यांची पत्रं आमच्याकडे नाही, थेट दिल्लीला जातात.

प्रश्न : विदर्भाचा सिंचन अनुशेष भरला, असं कधी ऐकतो, कधी नाही. आमच्या धरणात पाणी आहे, शेतात नाही. अनुशेष मोजतात कसा? (एक वाचक, मेहकर, जि. बुलढाणा)

वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये पद्धत घालून दिली. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशा नऊ क्षेत्रांत राज्याची सरासरी काढायची. जिल्हा सरासरीच्या खाली असेल तर तेवढी तूट म्हणजे त्याचा अनुशेष, मग तिला त्या वेळच्या खर्चाने गुणून रुपये काढायचे. आकडा आला ३,१८६ कोटींहून थोडा जास्त. १९९४ ची स्थिती धरून पुढच्या समितीने तो १४,००६ कोटी काढला. दहा वर्षं भरत असताना तो चौपटीहून मोठा झाला, कारण सरासरी स्वतःच पुढे सरकते आणि बांधकामाचा खर्चही.

रुपयांत मोजल्याने आणखी एक फसवणूक होते. ठरलेले रुपये खर्च झाले की वहीत अनुशेष भरला. तेवढ्या रुपयांत ठरलेले हेक्टर झाले का, हे वेगळं. म्हणून सिंचनाचा भौतिक अनुशेष ‘रब्बी समतुल्य’ हेक्टरमध्ये वेगळा मोजतात, आणि अमरावती विभागाचं रडगाणं, ज्यात तुमचा जिल्हा येतो, ते या दुसऱ्या वहीतलं आहे. शिवाय हेक्टर म्हणजे निर्मित क्षमता. धरणाची भिंत झाली, मुख्य कालवा झाला, की क्षमता निर्माण झाली असं धरतात. वितरिका (कालव्याचे फाटे) आणि शेतचाऱ्या राहिल्या, कालव्याचं अस्तर उखडलं, हेडकडच्या, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीच्या शेतकऱ्याने पाइप टाकला, तरी तो आकडा कमी होत नाही. वैधानिक विकास मंडळं होती तोवर हा फरक मांडायला निदान एक कचेरी होती. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली.

तुमच्या प्रकल्पापुरतं उत्तर मिळवता येईल. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून सिंचन शाखेच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे करा. मागा : गेल्या पाच वर्षांची निर्मित क्षमता आणि प्रत्यक्ष भिजलेलं क्षेत्र, हंगामवार. ‘प्रकल्पाचं क्षेत्र’ असं मोघम मागितलं तर एकच बेरीज मिळते आणि तिच्यात विहिरींवर भिजलेलंही मिसळलेलं असतं. म्हणून कालव्यावरचं आणि विहिरीवरचं वेगळं मागा, आणि वितरिकेच्या क्रमांकानुसार, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या टोकाकडच्या शेवटच्या दोन वितरिकांची पाणी सोडल्याची नोंदवही झेरॉक्ससह.